नेटवर्क कार्ड रुसलं तर: लिनक्सवर ड्रायव्हरचा माग कसा काढायचा

लिनक्सवर नेट चालत नसलं की पहिला आरोप ड्रायव्हरवर, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, होतो. चौकशी नीट केली तर बहुतेक वेळा तो निर्दोष सुटतो. खरा दोषी असतो फर्मवेअरची (कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमची) गहाळ फाइल, बंद ठेवलेला वायफाय रेडिओ, सिक्युअर बूट (सही नसलेला कोड रोखणारी सुरक्षेची सोय), नाहीतर चक्क केबल.

विंडोजमधून आलेल्या माणसाला ‘ड्रायव्हर डाउनलोड करून टाकायचा’ ही सवय असते. लिनक्समध्ये नेटवर्क कार्डांचे बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच (लिनक्सच्या गाभ्यासोबत) मॉड्यूलच्या, म्हणजे गरजेनुसार चढवता-उतरवता येणाऱ्या तुकड्यांच्या, रूपात येतात. बाहेरून आणून बसवायची वेळ क्वचित येते. ती वेळ यायच्या आधीच कुठलं तरी सोर्स कोडचं झिप उतरवून ‘मेक इन्स्टॉल’ केलं, तर एकाच कार्डावर हक्क सांगणारे दोन ड्रायव्हर होतात आणि मूळचा साधा बिघाड ओळखू येईनासा होतो. म्हणून खालच्या क्रमाने जा आणि एका पायरीचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढची चढू नका.

आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती नेहमीसारखी रोमन अक्षरांतच टाइप करायची. बहुतेक आज्ञांना आधी ‘सुडो’ (प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा) लागेल.

आधी तात्पुरतं नेट मिळवा

दुरुस्तीसाठी पॅकेज लागणार, पॅकेजसाठी नेट लागणार, आणि नेटच तर नाही. यातून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे फोन. यूएसबी केबलने फोन जोडा आणि त्यात यूएसबी टेदरिंग सुरू करा. अँड्रॉइड फोनसाठी लागणारे ‘आरएनडीआयएस_होस्ट’ किंवा ‘सीडीसी_ईथर’ हे मॉड्यूल कर्नलमध्ये असतातच, त्यामुळे फोन संगणकाला साध्या तारेच्या कार्डासारखा दिसतो आणि काही क्षणांत जोडणी मिळते. फोन स्वतः वायफायवर असला तरी चालतं.

पहिला प्रश्न: कार्ड दिसतंय का?

‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही आज्ञा द्या. यादी लांब येईल. त्यात ‘इथरनेट कंट्रोलर’ आणि ‘नेटवर्क कंट्रोलर’ या ओळी शोधा. दुसरी बहुधा वायफायची असते. ओळीच्या शेवटी चौकटी कंसात दोन आकड्यांची जोडी दिसेल, उदाहरणार्थ १०ईसी:८१६८. पहिला भाग चिप बनवणाऱ्याचा आणि दुसरा त्या चिपचा. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे अथेरॉस आणि १४सी३ म्हणजे मीडियाटेक. ही जोडी लिहून ठेवा. यापुढचा सगळा शोध हिच्यावरच घ्यायचा आहे. खोक्यावरच्या नावावर विसंबू नका, कारण एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत आतली चिप सर्रास बदललेली असते. यूएसबी अडॅप्टरांच्या बाबतीत तर हे फारच चालतं.

यूएसबी अडॅप्टरसाठी ‘एलएसयूएसबी’ वापरा. तिथे रिअलटेकचा क्रमांक ०बीडीए असतो. काही अडॅप्टर लावल्याबरोबर स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून सादर करतात, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्यांच्याच पोटात ठेवलेला असतो. ०बीडीए:१ए२बी असा क्रमांक दिसला तर हाच प्रकार आहे असं समजा. ‘यूएसबी-मोडस्विच’ हे पॅकेज टाकून अडॅप्टर काढून परत लावला की तो आपल्या खऱ्या रूपात येतो. रास्पबेरी पायसारख्या बोर्डांवर वायफायची चिप एसडीआयओ बसवर असते. ती या दोन्ही याद्यांत दिसणार नाही, तिच्यासाठी थेट कर्नलचा लॉग पाहावा लागतो.

कार्ड यादीतच नसेल तर ड्रायव्हरचा विषय तिथेच संपतो. बायॉसमध्ये जाऊन ऑनबोर्ड लॅन किंवा वायरलेस बंद केलेलं नाही ना ते पाहा. सुटं कार्ड असेल तर काढून परत घट्ट बसवा. संगणक पूर्ण बंद करून वीजजोडणी काढा, जरा वेळ थांबा आणि मग सुरू करा. चिप अडकलेल्या अवस्थेत असेल तर नुसत्या रीस्टार्टने ती सुटत नाही. विंडोजसोबत ड्युअल बूट असेल तर विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. त्या सोयीत विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही आणि कार्ड अर्धवट झोपेत सोडून जातं. मग लिनक्सला ते जागं करता येत नाही. हा इलाज इतका बिनखर्चाचा आहे की कार्ड यादीत दिसत असलं तरी ड्युअल बूटवाल्यांनी तो आधी करून टाकावा.

दुसरा प्रश्न: त्याला कोण हाकतंय?

त्याच यादीत कार्डाखाली दोन ओळी असतात. ‘कर्नल मॉड्यूल्स’ म्हणजे या कार्डासाठी पात्र असलेले ड्रायव्हर, आणि ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ म्हणजे प्रत्यक्षात ताबा घेतलेला ड्रायव्हर.

दोन्ही ओळी आहेत, म्हणजे ड्रायव्हर जागेवर आहे. पुढे फर्मवेअरकडे वळा. फक्त ‘कर्नल मॉड्यूल्स’ आहे आणि ‘इन यूज’वाली नाही, म्हणजे मॉड्यूल डिस्कवर आहे पण चढलेलं नाही किंवा चढून अपयशी ठरलं आहे. ‘मॉडप्रोब’ पुढे मॉड्यूलचं नाव देऊन ते हाताने चढवा आणि लगेच ‘डीएमईएसजी’चा, म्हणजे कर्नलच्या लॉगचा, शेवट वाचा. अपयशाचं कारण तिथे जवळजवळ नेहमीच स्वच्छ लिहिलेलं असतं. मॉड्यूल बिनतक्रार चढलं आणि कार्ड चालू झालं, तर कुणीतरी त्याला काळ्या यादीत टाकलेलं असणार. ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी’ या फोल्डरमध्ये ‘ब्लॅकलिस्ट’ शब्द ग्रेप या शब्द शोधणाऱ्या आज्ञेने शोधा.

‘मॉड्यूल सापडलं नाही’ असा निरोप आला, तर शेवटच्या कर्नल अपडेटनंतर रीस्टार्ट केलंय का ते आठवा. आर्चसारख्या वितरणांत (लिनक्सच्या तयार संचांत) नवा कर्नल बसताना जुन्याची मॉड्यूलं डिस्कवरून जातात. चालू कर्नल मात्र जुनाच असतो, म्हणून नंतर लावलेल्या यूएसबी कार्डासाठी त्याला काहीच सापडत नाही. रीस्टार्ट करा, एवढंच.

दोन्ही ओळी नसतील तर बहुधा कार्ड नवं आणि कर्नल जुना अशी स्थिती आहे. ‘यूनेम -आर’ने कर्नलची आवृत्ती पाहा. इंटेलच्या एएक्स२०० वायफायला ५.१ किंवा पुढचा कर्नल लागतो आणि एएक्स२१० ला ५.१०. रिअलटेकच्या वायफाय चिपांचा ‘आरटीडब्ल्यू८८’ हा ड्रायव्हर ५.२ मध्ये आला, तर त्यापुढच्या पिढीचा ‘आरटीडब्ल्यू८९’ ५.१६ मध्ये, म्हणजे २०२२च्या जानेवारीत. मीडियाटेकच्या एमटी७९२१ साठी ५.१२ हवा. इंटेलच्या अडीच गिगाबिट तारेच्या कार्डांचा ‘आयजीसी’ ४.२० पासून आहे. अशा वेळी सुटा ड्रायव्हर शोधत बसण्यापेक्षा नवा कर्नल घेणं केव्हाही बरं. उबंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीत त्यासाठी एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठीचा) कर्नल असतो, डेबियनमध्ये बॅकपोर्ट्स हा नव्या पॅकेजांचा विभाग.

कर्नल बदलण्याआधी एक चाचणी जरूर करा. एखाद्या ताज्या वितरणाचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवून त्यावरून संगणक सुरू करा. तिथे नेट चाललं तर हार्डवेअर ठीक आहे याची खात्री पटते आणि कुठल्या कर्नलवर, कुठल्या ड्रायव्हरने चाललं हेही ‘एलएसपीसीआय’वरून कळतं. माझ्या मते या एका चाचणीइतका वेळ दुसरं काहीही वाचवत नाही.

फर्मवेअर: बहुतेक गाड्या इथेच अडतात

ड्रायव्हर संगणकाच्या प्रोसेसरवर चालतो. फर्मवेअर हा कार्डाच्या स्वतःच्या छोट्या प्रोसेसरवर चालणारा प्रोग्रॅम. आजच्या बहुतेक वायफाय कार्डांवर तो कायमचा साठवलेला नसतो. दर वेळी ड्रायव्हरच तो ‘/लिब/फर्मवेअर’ फोल्डरमधून उचलून कार्डात भरतो. फाइल नसेल तर ड्रायव्हर जागच्या जागी असूनही वायफाय उमटत नाही. ‘एटीएच९के’वर चालणारी जुनी अथेरॉस पीसीआय कार्डं याला सुखद अपवाद आहेत, त्यांना फर्मवेअरची फाइल लागतच नाही.

तपासायला ‘डीएमईएसजी’चं आउटपुट ग्रेपमध्ये सोडून ‘फर्मवेअर’ शब्द शोधा; लहानमोठ्या अक्षरांचा भेद टाळायला ‘-आय’ लावा. ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड फॉर अमुक फेल्ड विथ एरर -२’ अशी ओळ दिसली, तर -२ चा अर्थ ‘फाइल सापडली नाही’ एवढाच. हवी असलेली फाइल नावासकट तिथेच सांगितलेली असते.

पण इथे घाई नको. इंटेलचा ‘आयडब्ल्यूएलवायफाय’ हा ड्रायव्हर त्याला ठाऊक असलेल्या सर्वांत नव्या फर्मवेअरपासून सुरुवात करून एकेक पायरी खाली येतो. त्यामुळे चारपाच -२ च्या ओळी येऊन नंतर ‘लोडेड फर्मवेअर व्हर्जन’ ही ओळ आली असेल, तर सगळं आलबेल आहे. ‘नो सुटेबल फर्मवेअर फाउंड’ असं म्हणून तो थांबला असेल तरच फाइल खरोखर नाही. त्याच ड्रायव्हरची ‘आयडब्ल्यूएल-डीबग-योयो.बिन’ सापडत नसल्याची कुरकुरही मनावर घेऊ नका. ती फाइल विकसकांच्या तपासणीसाठी आहे, तिच्यावाचून वायफायचं काही अडत नाही. डेबियन-उबंटूवर इनिट्रॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारा फाइलींचा गठ्ठा) बनताना ‘पॉसिबल मिसिंग फर्मवेअर’च्या ओळी झरझर जातात, त्याही अशाच. ते मॉड्यूल हाताळू शकतं अशा सगळ्या मॉडेलांची ती यादी असते, तुमच्या कार्डाचा त्यात संबंध असेलच असं नाही.

फाइल खरंच नसेल तर पॅकेज टाका. उबंटूमध्ये ‘लिनक्स-फर्मवेअर’ या पॅकेजात जवळपास सगळं येतं. आर्च आणि फेडोरा यांनी याचे कंपनीनिहाय तुकडे केले आहेत, तेव्हा आपल्या चिपचा तुकडा बसलाय का ते पाहा. डेबियनमध्ये ‘फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय’, ‘फर्मवेअर-रिअलटेक’, ‘फर्मवेअर-अथेरॉस’ अशी वेगळी पॅकेजं आहेत. मुक्त नसलेलं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये द्यावं की नाही यावर डेबियनमध्ये वर्षानुवर्षं वाद होता. २०२२ मध्ये सदस्यांनी मतदान करून ते द्यायचं ठरवलं आणि २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते सोबत येतं. मात्र ११ वरून १२ वर श्रेणीवाढ केली असेल तर ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा विभाग एपीटीच्या स्रोतांच्या फाइलीत स्वतः जोडावा लागतो. तो राहून गेला की पुढे फर्मवेअरचे अपडेट येणंच बंद होतं.

वितरणाचं पॅकेज जुनं असेल तर कर्नलच्या अधिकृत लिनक्स-फर्मवेअर भांडारातून नेमकी तेवढी फाइल आणून ‘/लिब/फर्मवेअर’मध्ये ठेवता येते. मग मॉड्यूल उतरवून परत चढवा. इंटेलच्या वायफायला ‘मॉडप्रोब -आर आयडब्ल्यूएलएमव्हीएम आयडब्ल्यूएलवायफाय’ या क्रमाने उतरवावं लागतं, कारण पहिलं दुसऱ्यावर बसलेलं असतं.

ड्रायव्हर ठीक, फर्मवेअर ठीक, तरी नेट नाही

‘आयपी लिंक’ द्या. एलओ (संगणकाची स्वतःशीच असलेली जोडणी) सोडून आणखी एखादं नाव दिसलं, उदाहरणार्थ ईएनपी३एस० किंवा डब्ल्यूएलपी२एस०, तर ड्रायव्हरने आपलं काम चोख केलेलं आहे. तारेच्या कार्डापुढे ‘नो-कॅरिअर’ असेल तर केबल, स्विचचं पोर्ट किंवा पलीकडचं टोक तपासा.

वायफायसाठी ‘आरएफकिल लिस्ट’. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड: येस’ असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक ऑल’ने काम होतं. ‘हार्ड ब्लॉक्ड: येस’ असेल तर लॅपटॉपवरचं भौतिक बटण किंवा फंक्शन कळ शोधा, आज्ञांनी ते उघडत नाही. असं बटणच नसलेल्या लॅपटॉपवरही कधी कधी हार्ड ब्लॉक दिसतो. तो लॅपटॉपच्या कळा सांभाळणाऱ्या मॉड्यूलचा गैरसमज असतो. ‘आयडियापॅड_लॅपटॉप’ हे याबाबतीत प्रसिद्ध आहे. ते ‘मॉडप्रोब -आर’ने तात्पुरतं उतरवून पाहा, ब्लॉक गेला तर निदान पक्कं.

नंतर ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’. ‘अनमॅनेज्ड’ म्हणजे जोडण्या सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजर या प्रोग्रॅमला त्या कार्डाला हात लावायची परवानगी नाही. डेबियनवर कार्डाचं नाव ‘/ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस’ फाइलीत लिहिलेलं असलं की असं होतं. ‘अनअव्हेलेबल’ असेल तर वायफायची ओळखतपासणी करणारं ‘डब्ल्यूपीए_सप्लिकंट’ बसवलेलं आहे का पाहा.

ग्राफिक्स कार्ड किंवा एसएसडी बसवल्यावर नेट गेलं, अशीही तक्रार नेहमीची. पीसीआयवरची क्रमवारी सरकल्यामुळे ईएनपी३एस०चं ईएनपी४एस० झालेलं असतं आणि सेटिंगच्या फाइलीत जुनंच नाव राहतं. नाव बदला, नाहीतर सेटिंग मॅक पत्त्याशी (कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकाशी) बांधा.

वायफाय चालतंय पण आपलंच नेटवर्क यादीत दिसत नाही, असं असेल तर ‘आयडब्ल्यू रेग गेट’ पाहा. देश म्हणून ०० असेल तर कर्नल जगभर चालेल असे सावध नियम लावतो आणि काही वाहिन्या वगळतो. ‘आयडब्ल्यू रेग सेट’ पुढे आपल्या देशाची दोन अक्षरी खूण द्या.

एक कार्ड, दोन ड्रायव्हर

रिअलटेकच्या तारेच्या ८१६८ चिपसाठी कर्नलमधला ड्रायव्हर ‘आर८१६९’ आहे. आकडा वेगळा असला तरी ८१६८ तोच सांभाळतो. रिअलटेकचा स्वतःचा ‘आर८१६८’ वेगळा मिळतो. नावावरून लोक तो ‘बरोबर’ ड्रायव्हर समजून बसवतात. कर्नलमधला चालत असेल तर त्याला हलवू नका. खरोखर त्रास असेल तरच दुसरा बसवा, आणि मग पहिल्याला काळ्या यादीत टाका.

ब्रॉडकॉमच्या वायफायचं चित्र याहून गुंतागुंतीचं. त्याच्या काही चिपांना मुक्त ‘बी४३’ चालतो, काहींना ‘बीआरसीएमएसमॅक’, तर १४ई४:४३ए० आणि १४ई४:४३६५ यांसारख्यांना कंपनीचा बंदिस्त ‘डब्ल्यूएल’च लागतो. ‘डब्ल्यूएल’ वापरायचा तर बी४३, एसएसबी, बीसीएमए आणि बीआरसीएमएसमॅक यांना बाजूला ठेवावं लागतं. आधी क्रमांक, मग ड्रायव्हर, हा क्रम इथे सोडून चालतच नाही.

काळ्या यादीसाठी ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी’मध्ये ‘.कॉन्फ’ने संपणारी फाइल बनवून ‘ब्लॅकलिस्ट’ आणि मॉड्यूलचं नाव लिहितात. याने फक्त आपोआप चढणं थांबतं. दुसऱ्या मॉड्यूलने ओढून घेतलं तर ते चढतंच. पूर्ण बंदी हवी असेल तर ‘इन्स्टॉल’, मॉड्यूलचं नाव आणि ‘/बिन/फॉल्स’ अशी ओळ लिहा. त्यानंतर इनिट्रॅमएफएस नव्याने बनवायला विसरू नका: डेबियन-उबंटूवर ‘अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू’, फेडोरावर ‘ड्रॅकट -एफ’, आर्चवर ‘एमकेइनिटसीपीआयओ -पी’, यातला पी मोठ्या लिपीतला.

बाहेरचा ड्रायव्हर बसवायचाच असेल तर

तो डीकेएमएस पद्धतीने बसवा, म्हणजे प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो आपोआप बांधला जाईल. त्यासाठी चालू कर्नलचे हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइली) लागतात. कर्नल अपडेटनंतर वायफाय गेलं तर ‘डीकेएमएस स्टेटस’ बघा: नव्या कर्नलपुढे ‘इन्स्टॉल्ड’ नसेल तर हेडर्स आले नाहीत किंवा जुना सोर्स नव्या कर्नलवर बांधला जात नाही. ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ आला तर मॉड्यूल दुसऱ्याच कर्नलसाठी बांधलेलं आहे. ‘मॉडइन्फो’मधली ‘व्हरमॅजिक’ ओळ आणि ‘यूनेम -आर’ ताडून पाहा.

मॉड्यूल नीट बांधलं गेलं आणि तरी ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं उत्तर आलं, की समजा सिक्युअर बूट आडवं आलंय. ‘मॉकयुटिल --एसबी-स्टेट’ने खात्री करा. उपाय दोन. एक, बायॉसमध्ये सिक्युअर बूट बंद करणं. दुसरा आणि माझ्या पसंतीचा, मॉड्यूलवर सही करणारी किल्ली ‘मॉकयुटिल --इम्पोर्ट’ने नोंदवणं. तेव्हा एक तात्पुरता पासवर्ड विचारला जातो आणि पुढच्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ निवडून तो द्यावा लागतो. हा पडदा थोडाच वेळ थांबतो. तेवढ्यात कळ दाबली नाही तर संगणक पुढे सुरू होतो, किल्ली नोंदली जात नाही आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

चालतं, पण धड चालत नाही

वायफाय मधूनच तुटतं, पिंग कधी कमी कधी भलतंच जास्त: आधी वीजबचतीवर संशय घ्या. ‘आयडब्ल्यू डेव्ह’, कार्डाचं नाव, ‘सेट पॉवर_सेव्ह ऑफ’ देऊन बघा. फरक पडला तर नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ फाइलीत ‘कनेक्शन’ विभागाखाली ‘वायफाय.पॉवरसेव्ह = २’ लिहून तो कायम करा; २ म्हणजे बंद.

तारेच्या कार्डावर गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटच मिळत असेल तर ‘ईथटूल’ पुढे कार्डाचं नाव देऊन ‘स्पीड’ पाहा. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. एक जोडी तुटली की कार्ड गुपचूप १०० वर उतरतं आणि लोक ड्रायव्हर बदलत बसतात. ‘ईथटूल -एस’मध्ये, यातला एस मोठ्या लिपीतला, सीआरसी चुकांचा (वाटेत डेटा बिघडल्याचा) आकडा वाढत असेल तरीही केबलच बदला.

इंटेलच्या ‘ई१०००ई’ कार्डावर ‘डिटेक्टेड हार्डवेअर युनिट हँग’ दिसत असेल, तर ‘ईथटूल -के’ने, यातला के मोठ्या लिपीतला, टीएसओ आणि जीएसओ (मोठ्या डेटाची पाकिटं उशिरा पाडणाऱ्या सोयी) बंद करून पाहा. ‘नेटडेव्ह वॉचडॉग’ आणि रांग अडकल्याचे निरोप येत असतील तर बूटच्या वेळी कर्नलला ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’ (पीसीआय जोडणीची वीजबचत बंद) देऊन बघण्यासारखं आहे, मात्र याने लॅपटॉपची बॅटरी लवकर उतरते.

कालपर्यंत चालत होतं

बूट मेनूमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडून मागचा कर्नल निवडा. त्यावर चाललं तर दोष नव्या कर्नलचा किंवा त्याच्यासोबत आलेल्या फर्मवेअरचा. क्वचित असा दोष जबर असतो: २००८ मध्ये २.६.२७ कर्नलच्या चाचणी आवृत्त्यांनी काही इंटेल ई१०००ई कार्डांची अंतर्गत स्मृतीच बिघडवली होती, आणि मूळ कारण ड्रायव्हरमध्ये नव्हे, तर कर्नलच्या एफट्रेस या माग काढणाऱ्या भागात निघालं. चाचणी आवृत्त्या कामाच्या संगणकावर टाकू नका म्हणतात ते उगाच नाही.

जुन्या कर्नलवर काम सुरू ठेवा आणि वितरणाकडे दोष नोंदवा. नोंदीत ‘एलएसपीसीआय -एनएनके’मधला कार्डाचा भाग, चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या दोन्ही कर्नलच्या आवृत्त्या, फर्मवेअर पॅकेजची आवृत्ती आणि दोन्ही वेळचा पूर्ण कर्नल लॉग द्या. आधीच्या बूटचा लॉग ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ने मिळतो, त्यामुळे बिघडलेल्या कर्नलमध्ये असताना काही जपून ठेवायचं राहिलं असलं तरी जुन्यावर परत आल्यावर तो काढता येतो. लॉगमधले मॅक पत्ते आणि वायफायची नावं झाकून मगच तो पाठवा.